पाकिटाच्या पाठीवरचं गणित पुढे कधी येणार?

माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि त्यांनी ते खरंच मनावर घेतलं. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढणं बंद झालं, लोणचं बंद झालं, पापड सणावारापुरता उरला. नाश्त्याला पोह्यांच्या जागी मसाला ओट्सची पाकिटं आली, कारण पाकिटावर हृदयाचं चित्र होतं. एके सकाळी पाकीट उलटं धरून, चष्म्यावर भिंग लावून ते म्हणाले, "अगं, इथे मीठ कुठेच लिहिलेलं नाही. सोडियम लिहिलंय. ते मीठच का?"

हो, ते मीठच. १०० ग्रॅमला १,१०० मिलिग्रॅम सोडियम असं छापलेलं होतं. पाकीट ४० ग्रॅमचं, म्हणजे त्यात ४४० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, म्हणजे १.१ ग्रॅम मीठ. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला पाचवा हिस्सा सकाळी आठ वाजता, एका वाटीत संपला होता. बाबा आयुष्यभर बँकेत कॅशियर होते, आकड्यांना भिणारा माणूस नाही. तरीही त्यांना भिंग लागलं, कॅल्क्युलेटर लागला आणि मी शेजारी बसावं लागलं. दुकानात, हातात पिशवी आणि मागे रांग असताना हे कोण करणार?

पुढच्या बाजूच्या लेबलाचा वाद सुरू आहे तो नेमका यावरच. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका जनहित याचिकेवर आदेश दिला: पाकिटाच्या दर्शनी बाजूला पोषणाची माहिती कशी द्यायची, याबद्दल तज्ज्ञ समितीनं तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात. जुलैमध्ये ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवली गेली. बातम्यांमधून 'एफओपीएल', 'एचएफएसएस', 'स्टार रेटिंग' असे शब्द येत राहिले. यातले दोनच शब्द समजले तरी पुरे. एफओपीएल म्हणजे पाकिटाच्या पुढच्या बाजूचं पोषणाचं लेबल. या लेखात मी त्याला 'पुढचं लेबल' म्हणते. एचएफएसएस म्हणजे ज्यात मेद, साखर किंवा मीठ प्रमाणाबाहेर आहे असा पदार्थ.

मागच्या बाजूला सगळं लिहिलेलं असतंच की!

असतं. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण मेद, सॅच्युरेटेड फॅट (तूप, लोणी, पामतेल यांत जास्त असणारा मेद), ट्रान्स फॅट आणि सोडियम यांचे आकडे १०० ग्रॅमच्या हिशेबानं द्यावे लागतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. नियम चांगला आहे आणि ज्याला वाचता येतं त्याच्या हातात ते मोठं हत्यार आहे.

अडचण वाचण्यातच आहे. एकच उत्पादक साखर तीन नावांनी घालू शकतो: थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडं इन्व्हर्ट सिरप. तिन्ही यादीत वेगवेगळी पडली की पहिल्या जागेवर मैदा दिसतो आणि साखर मागे सरकते. बेरीज केली तर चित्र वेगळं निघेल, पण प्रत्येकाचा आकडा दिलेला नसतो.

दुसरी अडचण 'सर्व्हिंग'ची. सर्व्हिंग म्हणजे एका वेळी खायचा अंदाजे वाटा. रोजच्या गरजेच्या किती टक्के, हे या वाट्याच्या हिशेबानं छापतात आणि तो वाटा किती हे बहुधा कंपनीच ठरवते. चिप्सच्या पाकिटावर वाटा २० ग्रॅमचा असेल तर टक्के छोटे दिसतात. पण २० ग्रॅम चिप्स मोजून खाऊन पाकिटाला रबर लावून ठेवणारं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

आणि भाषा. कायद्यानं लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असलं की पुरतं. मराठी, तमिळ किंवा बंगाली त्याच्या जोडीला छापायला मुभा आहे, सक्ती नाही. म्हणजे ज्या बाईनं मराठी शाळेत सातवीपर्यंत शिक्षण घेतलं आणि जी घरचा सगळा किराणा भरते, तिच्या हातातल्या पाकिटाची पाठ तिच्यासाठी जवळपास कोरीच आहे.

हिरवा ठिपका मात्र कुणाला समजावून सांगावा लागत नाही

आपल्याकडे पुढचं लेबल नवीन आहे असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका २००१ पासून पाकिटावर आहे. मांसाहारासाठी तपकिरी ठिपका होता. रंग ओळखता न येणाऱ्यांचा विचार करून आता तिथे तपकिरी त्रिकोण आला आहे. अक्षरओळख नसलेली आजी असो की चार वर्षांचं पोर, चौकोनातला ठिपका पाहून त्यांना कळतं. भिंग लागत नाही, गुणाकार लागत नाही, इंग्रजी लागत नाही.

हा ठिपका का चालतो? तो एकाच प्रश्नाचं एकच उत्तर देतो, प्रत्येक पाकिटावर सक्तीचा आहे आणि सगळीकडे सारखाच दिसतो. माझ्या मते पुढच्या लेबलाची सगळी चर्चा याच तीन कसोट्यांवर तपासायला हवी. तज्ज्ञांचे आराखडे कितीही बारकाईचे असोत, दुकानाच्या काउंटरपाशी माणसाकडे काही सेकंदच असतात.

तारे द्यायचे की शिक्का मारायचा?

जगभर वेगवेगळ्या पद्धती वापरात आहेत. ब्रिटनमध्ये २०१३ पासून सिग्नलचे रंग आहेत: मेद, साखर आणि मीठ यांच्यासमोर लाल, पिवळा किंवा हिरवा. फ्रान्सनं २०१७ मध्ये ए ते ई अशी श्रेणी आणली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे आहेत. चिली, मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतल्या इतर काही देशांत काळा अष्टकोनी शिक्का आहे, ज्यावर फक्त 'साखर जास्त' किंवा 'मीठ जास्त' एवढंच लिहिलेलं असतं.

फरक समजायला शाळेचं प्रगतिपुस्तक डोळ्यांसमोर आणा. तारे म्हणजे एकूण टक्केवारी. गणितात नापास झालेलं मूल चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि मराठीच्या जोरावर ६५ टक्के मिळवू शकतं, पण टक्केवारी बघून आईबापांना गणिताचं कळत नाही. सिग्नल म्हणजे विषयवार श्रेणी. त्यात सगळं दिसतं, पण तीन रंगांचा अर्थ लावायचं काम आपलंच. दोन हिरवे आणि एक लाल असेल तर घ्यायचं की नाही? काळा शिक्का म्हणजे नापास विषयाखाली मारलेली लाल रेघ. बाकीच्या विषयांत काय झालं ते तो सांगत नाही, पण जिथे चुकलंय तिथे बोट ठेवतो.

एफएसएसएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये जो मसुदा काढला, तो ताऱ्यांचा होता. आयआयएम अहमदाबादनं वीस हजारांवर लोकांची पाहणी केली होती आणि मसुद्याला तिचा आधार होता. साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट आणि ऊर्जा यांचे गुण वजा करायचे आणि फायबर, प्रथिनं, फळं-भाज्या, सुकामेवा, कडधान्यं, भरडधान्यं यांचे गुण मिळवायचे, असा हिशेब होता. ऐकायला न्याय्य वाटतं. पण साखरेनं भरलेल्या बिस्किटात थोडं नाचणीचं पीठ आणि थोडा कोंडा घातला की तारे वाढतात, साखर मात्र तेवढीच राहते. ज्या माणसाला मधुमेह आहे त्याच्यासाठी नाचणी साखरेला रद्द करत नाही.

ऑस्ट्रेलियात याचं ठळक उदाहरण घडलं. दुधात घालायच्या एका प्रसिद्ध चॉकलेट पावडरीच्या डब्यावर साडेचार तारे होते. ही पावडर स्निग्धांश काढलेल्या दुधात मिसळली तर काय, असा हिशेब धरला होता. म्हणजे ताऱ्यांचं श्रेय बहुतेक दुधाचं. नुसत्या पावडरीला दीडच तारा मिळाला असता. ग्राहक संघटनांनी पाठपुरावा केल्यावर कंपनीनं २०१८ मध्ये ते तारे काढून टाकले.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी भारतातल्या सहा राज्यांत लोकांना वेगवेगळी लेबलं लावलेली पाकिटं दाखवली आणि कशात काय जास्त आहे ते विचारलं. इशाऱ्याच्या शिक्क्यानं लोकांना ते सर्वांत नीट ओळखता आलं. मला तरी हा निकाल पटतो, कारण तारा हे आपल्याकडे कौतुकाचं चिन्ह आहे. बालवाडीतल्या वहीवर, हॉटेलच्या पाटीवर, कुठेही बघा. दोन तारे बघून 'हे जपून खा' असं कुणाच्या मनात येणार नाही, 'दोन तरी आहेत' असंच येईल.

चिलीत काय झालं

चिलीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपण आज ज्या प्रश्नांवर अडलोय ते सगळे तिथे आधी विचारले गेले. लठ्ठ मुलांचं प्रमाण वाढत चाललेलं पाहून व्यवसायानं डॉक्टर असलेले सेनेटर गीदो गिरार्दी यांनी कायद्याचा आग्रह धरला. कायदा २०१२ मध्ये झाला, पण अंमल सुरू व्हायला जून २०१६ उजाडला. मधली वर्षं उद्योगांशी भांडण्यात गेली.

कायद्यानं मर्यादा ठरवली आणि ती तीन टप्प्यांत, २०१६, २०१८ आणि २०१९ मध्ये, कडक केली. शेवटच्या टप्प्यात घन पदार्थात १०० ग्रॅमला १० ग्रॅम साखर, ४०० मिलिग्रॅम सोडियम, ४ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट किंवा २७५ किलोकॅलरी यापेक्षा जास्त असेल तर त्या त्या गोष्टीसाठी एक काळा अष्टकोन. पेयांसाठी साखरेची मर्यादा १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम. चारही गोष्टी जास्त असतील तर चार अष्टकोन शेजारी शेजारी. आकार रस्त्यावरच्या 'थांबा' पाटीचा, तो मुद्दामच.

पण कायदा शिक्क्यावर थांबला नाही. शिक्का बसलेला पदार्थ शाळेत विकता येत नाही. त्याच्या पाकिटावर मुलांना भुलवणारी कार्टून छापता येत नाहीत. नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या सीरियलच्या खोक्यावरचा ओळखीचा वाघ गेला. पुढे सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात टीव्हीवरची जाहिरातही बंद झाली. एकच शिक्का तीन कुलपांची किल्ली झाला.

परिणाम? पहिल्या दीड वर्षात शिक्का बसलेल्या पेयांची खरेदी अपेक्षेपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घटली. एकूण खरेदी केलेल्या खाण्यापिण्यातली साखर सुमारे १० टक्क्यांनी आणि सोडियम ५ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. यात शिक्क्याचा वाटा किती आणि जाहिरातबंदीचा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा परिणाम. कायद्याआधी तपासलेल्या पदार्थांपैकी ५१ टक्के मर्यादेबाहेर होते, पहिल्या टप्प्यानंतर ४४ टक्के उरले. कंपन्यांनी कृती बदलल्या. म्हणजे ज्या माणसानं लेबलाकडे आयुष्यात कधी पाहिलं नाही, त्याच्याही पोटात थोडी कमी साखर आणि थोडं कमी मीठ गेलं.

मग आपल्याकडे गाडी कुठे अडली?

२०१८ मध्ये एफएसएसएआयनं जो मसुदा काढला होता, त्यात मर्यादेबाहेरच्या पदार्थावर लाल खूण होती. उद्योगांचा विरोध झाला. २०१९ मध्ये सुधारलेला मसुदा आला. २०२० चे नियम आले तेव्हा लाल खूण त्यात नव्हती. मग २०२२ चे तारे, तेही पहिले ४८ महिने ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे ज्याला चार तारे मिळतील तो लावेल आणि ज्याला एक मिळेल तो लावणार नाही. ऑस्ट्रेलियात हेच झालं. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅट यांचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी मिळाली. पण आकडा मोठा केला तरी तो आकडाच राहतो. बाबांना भिंग लागलं नसतं, अडीचनं गुणावं लागलंच असतं.

एवढ्या काळात आजार थांबले नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे असल्याचा अंदाज आहे. सगळा दोष पाकिटांचा नाही, पण पाकिटांचा काहीच नाही असंही म्हणता येणार नाही.

"लोणच्या-पापडावरही काळा शिक्का मारणार का?"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो टाकाऊ नाही. लोणच्यात १०० ग्रॅमला भरपूर मीठ असतं, पण लोणचं कुणी वाटीनं खात नाही. मग चिप्सला आणि लोणच्याला एकच माप कसं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. मध, तूप, गूळ अशा एकाच घटकाच्या पदार्थांना वगळता येतं. चिलीत वरून साखर, मीठ किंवा मेद घातलेल्या पदार्थालाच नियम लागतो. लोणच्यासारख्या तोंडी लावायच्या पदार्थांसाठी वेगळी मर्यादा ठेवता येईल, तो तज्ज्ञांनी बसून सोडवायचा प्रश्न आहे. पण लोणच्याला ढाल करून कोल्ड्रिंक आणि क्रीम बिस्किटं सुटता कामा नयेत. आणि खरं सांगायचं तर रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरात लोणच्याच्या बरणीवर 'मीठ जास्त' लिहिलेलं असलं तर त्यात परंपरेचा अपमान नाही. आपल्या आज्यांनीच लोणचं चमचाभर वाढायची पद्धत घालून दिली होती.

"वडापावला आणि समोशाला कोण लेबल लावणार?"

कुणीच नाही, आणि तसा प्रस्तावही नव्हता. जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार अशा बातम्या पसरल्या, त्यात नागपूरच्या एम्सचंही नाव आलं. मुळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एवढंच सुचवलं होतं की कार्यालयांत आणि कॅन्टीनमध्ये तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावावेत. विक्रेत्यांच्या पदार्थांवर लेबल लावायला सांगितलेलं नाही, हे मंत्रालयानं लगेच स्पष्ट केलं.

पुढचं लेबल पाकीटबंद पदार्थांपुरतंच आहे. सुट्या पदार्थांचा प्रश्न उरतोच. फरक असा की वडा तळताना कढई आपल्यासमोर असते. त्यात तेल आहे हे सांगायला कुणी लागत नाही. 'मल्टिग्रेन' लिहिलेल्या बिस्किटात मैदा आणि साखर किती, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही.

"सिगारेटवर एवढं भयानक चित्र असतं, तरी लोक ओढतातच"

ओढतात. पण लेबलाचं काम बंदी घालणं नाही. ज्याला खायचंय तो खाईल, वाढदिवसाला केक आणील, तो त्याचा हक्क आहे. ज्याला टाळायचंय पण कळत नाही, त्याच्यासाठी हे आहे. बाबांना मीठ टाळायचं होतं. त्यांनी लोणचं सोडलं आणि हृदयाच्या चित्रावर विश्वास ठेवला. त्यांच्या निर्धारात काही कमी नव्हतं, पुढच्या बाजूनं त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली.

पुढच्या बाजूवर आज फक्त कंपनी बोलते. एफएसएसएआयनं काही ठिकाणी लगाम घातलाय. 'हेल्थ ड्रिंक' हा शब्द अन्न कायद्यात कुठेच नाही, हे २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं. पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी कित्येक वर्षं लढा दिल्यावर, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांच्या नावातून 'ओआरएस' शब्द हटवायला सांगितला. जुलाब झालेल्या लेकराला ओआरएस समजून साखरेचं पाणी पाजणारी आई निष्काळजी नव्हती. तिनं पुढची बाजू वाचली होती.

एक धोका मात्र खरा आहे

साखरेवर शिक्का बसला की कंपनी साखर काढते आणि कृत्रिम गोडी घालते. चिलीत हे झालं, मुलांच्या आहारात अशा गोडव्यांचं प्रमाण वाढलं. गोडाची चटक तशीच राहते. मेक्सिकोनं २०२० मध्ये यातून धडा घेतला आणि कृत्रिम गोडी किंवा कॅफीन असलेल्या पाकिटांवर 'मुलांना देऊ नये' अशा अर्थाची वेगळी पट्टी आणली. आपला नियम उशिरा येतोय तर निदान हे त्यात पहिल्यापासून असावं.

तोवर पाकीट उलटं धरावं लागेल

आमच्या घरी आता तीनच आकडे बघतो, तेही १०० ग्रॅमच्या रकान्यात. वाट्याच्या रकान्याकडे बघायचंच नाही.

सोडियम ४०० च्या वर असेल तर मीठ जास्त, ही चिलीचीच मर्यादा आम्ही उचलली. वरून घातलेली साखर १० ग्रॅमच्या वर असेल तर ते गोड खाणं समजायचं, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. पेय असेल तर ५ च्या वर. साधारण कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. ६०० मिलिलिटरची बाटली संपवली की साठ ग्रॅमच्या वर साखर गेली आणि लेबलांच्या हिशेबात दिवसभराची मर्यादा ५० ग्रॅमची धरलेली आहे. सॅच्युरेटेड फॅट ४ ग्रॅमच्या आत बघायचं. आणि घटकांच्या यादीत पहिली तीन नावं वाचायची.

बाबांनी ओट्स सोडले नाहीत. साधे आणतात आणि फोडणी घरी देतात, मीठ स्वतः चिमटीनं घालतात. किराणा आला की ते ओट्याशी उभं राहून नव्या पाकिटांवर पुढच्या बाजूला बॉलपेननं लिहितात: 'मीठ जास्त', 'साखर जास्त', नाहीतर 'चालेल'. नातवाला वाचायला आलंय, तो डबा उघडण्याआधी ते मोठ्यानं वाचतो.